मोबाइल स्टार्टर घेताय? आधी तो कशावरून बोलतो ते विचारा

मोबाइलवरून शेतातली पाण्याची मोटर चालू करणारा स्टार्टर घ्यायचा असेल, तर किंमत आणि वॉरंटीच्या आधी दुकानदाराला एक विचारा: ‘मोटर चालू झाली’ हे हा कशावरून सांगतो? हुकूम मिळाला म्हणून, की मोटरच्या तारेतून करंट जाताना दिसला म्हणून? सांगलीतल्या दुकानांत मी हे विचारत फिरले, तेव्हा बहुतेकांनी ॲप उघडून रंगीत स्क्रीन दाखवली. एकानेच पेटीचं झाकण काढलं आणि तारेभोवतीचं काळं कडं दाखवलं. ती सीटी कॉइल, तिच्यातून करंट मोजला जातो. आम्ही त्याच्याकडूनच घेतला.

आमचा ऊस वाळवा तालुक्यात कृष्णाकाठी आहे. मोटर नदीवर, घर गावात, आणि थ्री फेज लाइट कधी दिवसा तर कधी रात्री. मी सांगलीत डिप्लोमाच्या मुलांना ह्यूमन कॉम्प्युटर इंटरॅक्शन शिकवते, म्हणजे यंत्र आणि माणूस यांचं एकमेकांशी जमतं कसं आणि बिनसतं कुठे, हा विषय. पण स्टार्टर रोज वापरतात ते माझे सासरे, मामा. ते गावाला गेले की सासूबाई, आत्या. त्यामुळे इथे लिहिलंय ते त्या दोघांच्या वापरावरून.

आधीच्या स्टार्टरला फोन लावून १ दाबला की लगेच उत्तर यायचं, ‘आपला पंप संच कार्यान्वित करण्यात आला आहे.’ असं मराठी आमच्या घरात कोणी बोलत नाही, पण ते एक वेळ चालवून घेतलं असतं. खरी खोट ‘लगेच’मध्ये होती. त्याला फक्त आपण रिले, म्हणजे पेटीतला छोटा स्विच, ओढला एवढंच माहीत. एखादा फेज गेलाय का, मोटरला वीज जोडणारा कॉन्टॅक्टर बसला का, पाइपच्या तळाच्या फुटव्हॉल्व्हमधून पाणी उतरून पंप कोरडा फिरतोय का, याचा त्याला पत्ताच नाही. मामा रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला उसात जायचे आणि पाट कोरडाच. मग तसंच अंधारातून नदीवर. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, डोक्याच्या वर गेलेल्या उसातून, एका खोट्या वाक्यापायी. याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

वर्गात याच जातीचं एक उदाहरण मी दरवर्षी सांगते. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकून पडला. कंट्रोल रूममधला त्याचा दिवा मात्र विझलेला होता. तो दिवा ‘बंद हो’ असा हुकूम गेला की नाही एवढंच दाखवायचा. व्हॉल्व्ह खरोखर कुठल्या स्थितीत आहे हे नाही. ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असं धरलं, दोन तासांहून जास्त वेळ पाणी निघून जात राहिलं आणि भट्टीचा गाभा काही अंशी वितळला. आमच्या नदीवरच्या पेटीत आणि त्या पॅनेलमध्ये चूक एकच.

नव्या स्टार्टरचं वागणं वेगळं आहे. १ दाबला की ‘थांबा’ म्हणतो, मग बीप बीप ऐकू येत राहते, आणि करंट स्थिर झाला की बोलतो, ‘मोटर चालू. करंट बरोबर आहे.’ पाणी उचललं नाही तर ‘पंप कोरडा आहे, मोटर बंद केली.’ त्याला हे कळतं कसं, तर पंपात पाणी नसलं की मोटरवर लोड येत नाही आणि करंट नेहमीपेक्षा खाली राहतो. बसवताना वायरमनने पाणी पूर्ण पडत असताना मोटर चालवून तो आकडा पेटीत सेव्ह करून घ्यायचा असतो. हे सेटिंग घाईत उरकू देऊ नका, सगळी मदार त्यावर आहे.

त्या बीपलाही मी पैकीच्या पैकी मार्क देईन. यंत्रं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी वाट बघण्याच्या तीन मर्यादा सांगितल्या आहेत: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. फोनवर नुसती शांतता असली की माणूस पुन्हा बटण दाबतो. बीप आहे तोवर मामा थांबतात. त्याच नील्सन यांच्या १९९४ च्या दहा नियमांतला पहिलाच नियम हा, की यंत्राचं काय चाललंय ते माणसाला दिसत राहावं.

खरेदीनंतर मी दोघांना अंगणात बसवून वापरायला दिला आणि स्वतः गप्प बसले. ही चाचणीची पद्धतच आहे, शिकवायचं नाही, फक्त बघायचं. आणि ते फार अवघड जातं. मामांचा बटणांचा फोन, त्यांनी सहज चालू केली. आत्यांकडे स्मार्टफोन. फोन कानाला लावला की स्क्रीन काळी होते. ‘बंद करण्यासाठी ३ दाबा’ ऐकून त्यांनी फोन कानापासून काढला, कीपॅड उघडला, ३ शोधला, तोवर आवाज पुढे निघून गेला होता. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मेनू लिहिणाऱ्याने कानाला लावलेला टचफोन डोळ्यांसमोर आणलाच नव्हता. उपाय पेटीतच निघाला: मिस्ड कॉल दिला की मोटर बंद होते आणि पेटी उलटा कॉल करून तसं सांगते. आत्या आता तेवढंच वापरतात.

आयबीएम या कॉम्प्युटर कंपनीतल्या जॉन गोल्ड आणि क्लेटन लुईस यांनी १९८५ मध्येच सांगून ठेवलंय: वापरणाऱ्या माणसांकडे सुरुवातीपासून बघा, त्यांच्या हातात देऊन मोजा, आणि सुधारून पुन्हा द्या. आत्यांच्या हातात हा मेनू एकदा जरी आधी पडला असता, तरी ही अडचण बाजारात आली नसती.

सोबतचं ॲप मला आवडलं नाही. ‘चालू’ आणि ‘बंद’ शेजारी-शेजारी, तेही बारीक. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम सांगतो की बटण जितकं लहान आणि लांब, तितका बोटाला वेळ जास्त. मामांच्या भेगाळलेल्या अंगठ्याला तर स्क्रीन अर्धा वेळ ओळखतच नाही. रंगांचाही घोळ आहे. ॲपमध्ये मोटर चालू असली की लाल गोल येतो. स्टार्टरवरचं लाल बटण म्हणजे बंद, हे शेतकऱ्याच्या डोक्यात पक्कं. उलट सबस्टेशनच्या पॅनेलवर लाल दिवा म्हणजे ब्रेकर चालू. वायरमनला तो लाल बरोबर वाटला, मामांना चूक. गोलाखाली ‘चालू’ हा शब्द मोठ्या अक्षरात लिहिला असता तर प्रश्नच नव्हता.

आणि अँपिअर, व्होल्टेज, पॉवर फॅक्टर असे आकड्यांचे ढीग. आकडा कसा दाखवावा हे सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे बघून कळतं, तिथे नदीची पातळी मोजतात. पावसाळ्यात जो तो विचारतो, ‘आयर्विनला किती फूट?’ ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. एक आकडा आणि त्याच्याशी ताडून बघायच्या दोन खुणा, त्यावर लोक जनावरं हलवायची की नाही ते ठरवतात. ॲपमधला १३.२ अँपिअर चांगला की वाईट, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

लाइट आल्यावर मोटर आपोआप सुरू करण्याची सोय आहे, आणि लाइट आल्यावर किती वेळाने सुरू व्हायची ती वेळ आपल्याला ठरवता येते. ती शेजाऱ्यांपेक्षा वेगळी ठेवा. सगळ्या मोटरी एकदम उठल्या की डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते. लाइट आली की लगेच मोटर सुरू करणारे ऑटोस्विच महावितरण काढायला सांगतं ते त्यासाठीच.

दुसरा नंबर जोडण्याची पद्धत मात्र वाईट आहे. पासवर्ड घालून इंग्रजीत एसएमएस पाठवावा लागतो, एक स्वल्पविराम चुकला तर उत्तरच येत नाही. चुकलंय हे तरी सांगायला हवं होतं. दुकानदाराला मी हे लिहून दिलंय, त्याने कंपनीकडे पाठवतो म्हणून सांगितलं.

ॲपवाल्या प्रकाराचे जास्तीचे पैसे घालू नका, कॉलवाला पुरतो. दुकानात जाताना जो रोज मोटर चालू करणार त्याला घेऊन जा, डेमोच्या पेटीला त्यालाच फोन लावू द्या, आणि दुकानदार मधेच ‘असं दाबा, तसं दाबा’ सांगायला लागला तर त्याला थांबवा.