होमिओपॅथीसाठी देणगी: शिक्षणाला द्यावी की संशोधनाला?

दोन्हीकडे पैसे देऊन झालेत माझे म्हणून लिहितोय. एक ट्रस्ट विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देतो, पुस्तकं देतो, सेमिनार घेतो, दुसरा फक्त ट्रायल्सना, म्हणजे रुग्णांवर औषध तपासून बघणाऱ्या चाचण्यांना, पैसा पुरवतो. पावती, ऑडिट दोन्हीकडे चोख, त्यात जात नाही.

शिक्षणाला दिलं की समाधान लगेच मिळतं हे खरंय. स्कॉलरशिप मिळालेल्या एका मुलीने तिच्या पहिल्या केस टेकिंगचं, म्हणजे पेशंटला विचारून केलेल्या नोंदींचं, पान पाठवलं होतं, पेशंटचं नाव झाकून. झोप कशी, तहान किती, थंडी सोसते का, सगळं बारीक अक्षरात. वाचून खरंच भरून आलं.

पण खटकला तो त्यांचा सेमिनार. दिवसभरात ११ केसेस दाखवल्या, अकराच्या अकरा बऱ्या झालेल्या. मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, सर, या औषधाने किती जणांना काहीच फरक पडला नाही आणि किती जण फॉलोअपला परत आलेच नाहीत? "नंतर बोलू" म्हणाले आणि विषय तिथेच राहिला. मी मेल करून विचारलं तर म्हणे अशाने मुलांचा आत्मविश्वास जातो. मला नाही पटलं. उद्या ज्याला पेशंट बघायचाय त्याला औषध कधी लागू पडत नाही, कधी दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायचं, हे आधी कळायला नको का?

संशोधनवाल्यांचे रिपोर्ट रटाळ, महिनोन्महिने काही कळत नाही. पण एका वर्षी पहिल्याच पानावर लिहिलेलं, आपल्या पैशातून झालेल्या ट्रायलमध्ये औषध आणि प्लासिबोत (औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळीत) फरक दिसला नाही, निकाल छापायला दिलाय. वाईट वाटलं, पण माझा विश्वास बसला तो तेव्हाच.

होमिओपॅथीच्या औषधाच्या नावापुढे ३०सी असतं, ते म्हणजे शंभरपट पातळ करणं तीस वेळा, त्यात बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू उरायची शक्यता जवळपास संपते, मग लोक प्रश्न विचारणारच. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एनएचएमआरसी या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने १७६ अभ्यास तपासून सांगितलं की एकाही आजारावर होमिओपॅथीचा गुण येतो असा भरवशाचा पुरावा नाही. त्यात २०२२ च्या एका पाहणीत निघालं की २००२ पासून नोंदवलेल्या होमिओपॅथी ट्रायल्सपैकी जवळपास ३८ टक्के छापल्याच गेल्या नाहीत. तेव्हा संशोधनाला देतानाही ट्रायलचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, काय मोजणार ते आधी लिहून ठेवलंय का बघा आणि निकाल कसाही आला तरी छापणार का, हे लेखी घ्या.

शिक्षणाला देऊच नका असं मी म्हणणार नाही, फसलेल्या केसेसही शिकवणारा ट्रस्ट सापडला तर जरूर द्या, तुमचा अनुभव वेगळाही असेल. मी त्या मुलीची उरलेली दोन वर्षं पूर्ण केली आणि तिचा कोर्स संपल्यावर ती रक्कम दुसऱ्या ट्रस्टकडे वळवली.