दातांच्या दवाखान्यातल्या असिस्टंटसाठी एक्स-रे सुरक्षेचा दोन दिवसांचा वर्ग, सोलापूर : पाठवावं का?

सात रस्त्याच्या बाजूला शनिवार-रविवारी भरणाऱ्या या वर्गाबद्दल थोडक्यात सांगायचं तर, हाताचं काम शिकायला असिस्टंटला जरूर पाठवा, भिंतीवर लावायच्या प्रमाणपत्रासाठी पाठवू नका. वेळ दोन्ही दिवस दहा ते पाच. शुल्क २,४०० रुपये, त्यात दुपारचं जेवण आणि एक पुस्तिका. शिकवणं मराठीत आहे आणि शिकवणाऱ्या मॅडम अडलं तिथे तेलुगू-कन्नडमध्येही समजावून सांगतात. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्या मुलींना याचा मोठा आधार होतो. पुस्तिका मात्र संपूर्ण इंग्रजीत आहे. दहावी-बारावी करून थेट दवाखान्यात लागलेल्या मुलीला ती घरी नेऊन वाचता येणार नाही. एवढं चांगलं शिकवणाऱ्यांनी ती मराठीत करायलाच हवी. वर्गाचं नाव इथे दिलेलं नाही, कारण खालचे निकष असा वर्ग चालवणाऱ्या कुणालाही लागू होतात.

प्रमाणपत्राचा विषय आधी घेऊ, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. जाहिरातीत ‘लायसन्स’ आणि ‘आंतरराष्ट्रीय मान्यता’ हे दोन शब्द ठळक अक्षरांत आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. आपल्याकडे एक्स-रे यंत्रांवर देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाची. मंडळाची स्थापना १९८३ ची, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. दातांच्या एक्स-रे यंत्राची नोंदणी ‘ई-लोरा’ या ऑनलाइन प्रणालीवर होते. ती दवाखान्याची आणि यंत्राची होते, असिस्टंटची नाही. नोंदणी पाच वर्षांची असते आणि यंत्राची गुणवत्ता तपासणी दर दोन वर्षांनी करून घ्यावी लागते. यंत्र टाइप अप्रूव्हल (त्या मॉडेलला मंडळाची मान्यता) असलेलंच घ्यावं लागतं. यातलं एकही काम असिस्टंटच्या प्रमाणपत्राने होत नाही. १९४८ च्या डेंटिस्ट अ‍ॅक्टमध्ये हायजिनिस्ट (दात स्वच्छ करणारे) आणि मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांची नोंद होती, असिस्टंट हा वर्ग त्यात नव्हताच. तेव्हा दोन दिवसांच्या वर्गाचा कागद म्हणजे फार तर प्रशिक्षण घेतल्याची नोंद. दवाखान्याच्या फाइलमध्ये तो उपयोगी आहे, एवढंच.

‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द कुठून आला तेही कळतं. अमेरिकेत डीएएनबी नावाची संस्था असिस्टंटच्या परीक्षा घेते. त्यांच्या ‘सर्टिफाइड डेंटल असिस्टंट’ प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षांपैकी एक किरणोत्सर्ग सुरक्षेवर असते. एक्स-रे कुणी काढायचा याचे नियम मात्र तिथेही राज्याराज्यांत वेगळे आहेत. या वर्गात त्या धर्तीचे सराव प्रश्न सोडवून घेतात. अभ्यास म्हणून ते चांगलेच आहेत. पण सराव प्रश्न सोडवले म्हणजे ती परीक्षा दिली असं होत नाही. सोलापूर-बार्शी-पंढरपूरच्या दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीला ती परीक्षा देण्याची गरजही नाही. पगारातून पैसे बाजूला काढून येणाऱ्या मुलींना हे पहिल्या तासालाच स्पष्ट सांगायला हवं.

आता चांगली बाजू, आणि ती खरोखर चांगली आहे. पहिल्या दिवशी जेवणाआधीचे दोन तास फक्त ‘उभं कुठे राहायचं’ यावर जातात. जमिनीवर खडूने खुर्ची, पेशंटचं डोकं आणि किरणाची दिशा आखतात. किरणाच्या रेषेपासून ९० ते १३५ अंशांच्या पट्ट्यात, पेशंटच्या डोक्यापासून किमान दोन मीटर लांब, ही उभं राहण्याची जागा. नंतर प्रत्येकीला उजवा-डावा, वरचा-खालचा दात सांगून आपली जागा शोधायला लावतात. एक मीटरवरून दोन मीटरवर गेलं की पोहोचणारा डोस चौथाई होतो आणि तीन मीटरवर नववा भाग उरतो, हे गणित फळ्यावर मांडलं की कळतं, पण पाय खडूच्या रेघेवर ठेवला की लक्षात राहतं. एक्सपोजरच्या (किरण सोडण्याच्या) बटणाची वायर दोन मीटरपेक्षा आखूड असेल तर ती बदलून घ्या, असंही आवर्जून सांगतात. आपल्याकडच्या दहा बाय दहाच्या केबिनमध्ये ती वायर गुंडाळून यंत्राच्याच हातावर लटकवलेली असते, म्हणून हा मुद्दा फार महत्त्वाचा. जागाच नसेल तर दाराबाहेर, भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं. पेशंट दिसेल अशी फट किंवा काच मात्र हवी, कारण बटण दाबताना त्याने मान हलवली तर फोटो वाया जातो आणि तोच डोस पुन्हा द्यावा लागतो.

पेशंटच्या तोंडात फिल्म किंवा सेन्सर असिस्टंटने बोटाने धरून ठेवायचा नाही, या एका नियमावर मॅडम अर्धा तास घालवतात. तो वेळ सार्थकी लागतो. लहान मूल रडतंय, सर घाईत आहेत, ‘धर गं जरा’ असं म्हटलं जातं, आणि बोट थेट किरणात जातं. त्यावर वर्गातला उपाय म्हणजे होल्डर, फिल्म तोंडात धरून ठेवणारं साधन. मूल फारच लहान असेल तर आई किंवा वडिलांनी लेड (शिशाचं) अ‍ॅप्रन घालून धरायचं. असिस्टंटने कधीच नाही, कारण आईला ते एकदा करायचं असतं आणि असिस्टंटला रोज.

चुकांचा तास हा वर्गाचा सर्वात भक्कम भाग. बिघडलेल्या तीसेक फिल्म आणि प्रिंट टेबलावर पसरतात आणि प्रत्येकीने कारण सांगायचं. चित्राची एक बाजू गोलाईत पांढरी राहिली तर यंत्राची नळी सरकली होती, किरण तिथवर पोहोचलेच नाहीत. दात ओढल्यासारखा लांब आला तर उभा कोन कमी पडला, ठेंगणा आला तर जास्त झाला. शेजारचे दात एकमेकांवर चढले तर आडवा कोन चुकला. चित्र फिकट आणि त्यावर टायरच्या खुणांसारखी नक्षी दिसली तर फिल्म उलटी घातली होती, मागच्या शिशाच्या पत्र्याची ती नक्षी. फिल्मवरचा उंचवट्याचा ठिपका नेहमी नळीच्या दिशेने, हे यातूनच पक्कं होतं. पुन्हा काढावा लागलेला प्रत्येक एक्स-रे म्हणजे पेशंटला दुप्पट डोस. म्हणून चूक ओळखता येणं हीच सुरक्षा आहे, आणि हा विषय इतक्या नीट मांडलेला क्वचित पाहायला मिळतो.

आरव्हीजीबद्दल (फिल्मऐवजी सेन्सरवर काढायचा डिजिटल एक्स-रे) एक मुद्दा पटण्यासारखा सांगतात. फिल्मवर वेळ जास्त झाला की चित्र काळं पडतं आणि चूक कळते. सेन्सरवर थोडा जास्त झाला तर चित्र उलट स्वच्छ दिसतं, मग वेळ हळूहळू वाढत जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जुन्या फिल्मचे आकडे यंत्रावर तसेच ठेवून सेन्सर वापरणारे दवाखाने आहेत. त्यावर उपाय म्हणजे कंपनीच्या तक्त्यावरून दाताप्रमाणे आणि वयाप्रमाणे वेळ लिहून यंत्राच्या शेजारी चिकटवायचा. लहान मुलांचा वेळ वेगळा आणि कमी. हा तक्ता वर्गातच करून घेतात, त्यामुळे येताना आपल्या यंत्राचं मॉडेल, किलोव्होल्ट आणि मिलिअँपिअर लिहून आणायला सांगा. ते न आणलेल्या मुलींचा तो तास वाया जातो.

अजून फिल्म धुणाऱ्या दवाखान्यांसाठी डार्करूमचा तास सोन्यासारखा आहे, खास करून इथल्या हवेत. डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) २० अंश सेल्सिअसला असेल तर पाच मिनिटं, २२ ला चार, २४ ला तीन, २७ ला अडीच. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीशी ओलांडतो आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. त्या तापमानाला मिनिटांचं हे गणित चालत नाही. फिल्म धुरकट होते, वरचा थर मऊ पडून ओरखडे येतात. मग ‘डोळ्याने बघून’ काढायची सवय लागते. अर्धवट डेव्हलप झालेली फिल्म फिकट येते म्हणून एक्सपोजर वाढवतात, आणि डार्करूममधल्या घाईची किंमत पेशंट मोजतो. वर्गात दाखवलेली रीत साधी आहे. डेव्हलपरचा डबा मोठ्या टबात ठेवायचा, टबातल्या पाण्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडायच्या, बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही. थर्मामीटर कायम डब्यात. फिक्सरमध्ये (चित्र टिकवणारं रसायन) डेव्हलपरच्या किमान दुप्पट वेळ, नंतर वाहत्या पाण्यात धुणं. नाहीतर काही महिन्यांत फिल्म पिवळी-तपकिरी पडते. डार्करूममधल्या लाल दिव्याची नाण्याची चाचणीही करून दाखवतात. उघडलेल्या फिल्मवर एक रुपयाचं नाणं ठेवून दोन-तीन मिनिटं दिव्याखाली ठेवायचं आणि फिल्म धुवायची. नाण्याचा गोल उमटला तर दिवा गळतोय. वापरलेलं डेव्हलपर बेसिनमध्ये ओतायचं नाही, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत ते रासायनिक द्रवकचऱ्यात येतं. हे सांगतात, पण घाईत. शिशाच्या पत्र्यांचं काय करायचं, हे राहूनच जातं. ते वेगळ्या डब्यात साठवून शिसं घेणाऱ्या अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावेत, घंटागाडीत नाही.

अ‍ॅप्रनचा भाग ठीक आहे. ०.२५ मिलिमीटर शिशाइतकी जाडी, घडी न घालता हँगरवर टांगणं, वरून चिरा दिसल्या नाहीत तरी वर्षातून एकदा एक्स-रे काढून आतली चीर तपासणं, एवढं नीट सांगतात. ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढताना गळ्याचं थायरॉइड कॉलर घालायचं नाही, त्याची सावली चित्रावर येते, हेही सांगतात. २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने दातांच्या एक्स-रेसाठी अ‍ॅप्रन-कॉलर नेहमी वापरण्याची गरज नाही, अशी शिफारस केली. मोबाइलवर ते वाचून आलेल्या मुलींना मात्र उत्तर मिळत नाही. उत्तर अवघड नाही. नेमका आणि लहान किरण, वेगवान सेन्सर आणि गरज असेल तेव्हाच एक्स-रे, यांनी मिळणारं संरक्षण मोठं आहे, ही त्या शिफारशीमागची भूमिका. आपल्या दवाखान्यात आपल्या मंडळाचे नियम पाळायचे. नळी सैल आणि यंत्र जुनं असेल तर अ‍ॅप्रन काढून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

टीएलडी बॅजबद्दलची (अंगाला लागलेला डोस मोजणारा बिल्ला) माहिती पक्की आहे. छातीवर, अ‍ॅप्रनच्या आत, एकीचा बॅज दुसरीने घालायचा नाही, कंट्रोल बॅज (तुलनेसाठीचा, कुणी न घालायचा) एक्स-रेपासून लांबच्या खोलीत, आणि ठरलेल्या तिमाहीत परत पाठवणं. अ‍ॅप्रनलाच बॅज अडकवून तो यंत्राजवळ टांगला तर बॅजवर डोस चढतो, मुलीला मात्र तेवढा लागलेला नसतो. मग विनाकारण चौकशी आणि भीती. वार्षिक मर्यादाही सांगतात. किरणोत्सर्गात काम करणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक, त्याचा हजारावा भाग मायक्रोसिव्हर्ट), कोणत्याही एका वर्षी ३० पेक्षा जास्त नाही, सामान्य माणसाला १. त्याच्या शेजारी दाताच्या एका एक्स-रेचा पेशंटला मिळणारा डोस काही मायक्रोसिव्हर्टच, म्हणजे निसर्गातून रोज मिळणाऱ्या डोसाच्या आसपास, हेही फळ्यावर लिहितात. त्यामुळे मुली घाबरत नाहीत आणि बेफिकीरही होत नाहीत.

दोन ठिकाणी वर्ग गंभीरपणे चुकतो. पहिलं म्हणजे गरोदरपण. ‘दिवस गेले की एक्स-रेचं काम सोडायचं’ असं तिथे सांगितलं जातं. लहान दवाखान्यात त्याचा अर्थ नोकरी सोडायची असाच होतो. मान्य तत्त्व वेगळं आहे. मुलीने कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस जाऊ नये, अशी कामाची व्यवस्था मालकाने करायची. दोन मीटर लांब, भिंतीआड आणि किरणाबाहेर उभी राहणारी असिस्टंट त्या मर्यादेच्या खूप खाली असते. हे चुकीचं शिकवल्यामुळे मुली गरोदरपण लपवतात, आणि नेमकं तेच धोक्याचं आहे. याच ओघात १८ वर्षांखालील मुलीला किरणोत्सर्गाच्या कामावर ठेवता येत नाही, हेही सांगायला हवं होतं. वर्गात कुणाचं वय विचारत नाहीत.

दुसरं म्हणजे हातात धरायचं कॅमेऱ्यासारखं एक्स-रे यंत्र. त्याला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. शिबिरांत आणि गावोगावच्या दवाखान्यांत आता हेच जास्त दिसतं, आणि दोन मीटर लांब राहण्याचा धडा तिथे लागूच होत नाही, कारण यंत्र हातातच असतं. अशा यंत्राचं पुढचं गोल संरक्षक कवच काढायचं नाही, ते नळीच्या टोकाशी, पेशंटच्या जवळ राहायला हवं. यंत्र तिरकं धरलं की कवचाची सावली धरणाऱ्यावरून सरकते, म्हणून यंत्र वाकवण्याऐवजी पेशंटचं डोकं वळवायचं. ऑनलाइन स्वस्तात मिळणारी, टाइप अप्रूव्हल नसलेली यंत्रं विकत घेऊच नयेत. मुलीच्या हातात असं यंत्र देण्याआधी डॉक्टरांनी मान्यतेचा कागद स्वतः पाहावा.

पाठवायचं ठरवलं तर निदान सहा महिने काम केलेली असिस्टंट पाठवा. अगदी नवखीला चुकांचा तास डोक्यावरून जातो. सोबत यंत्राची माहिती, स्वतःचं होल्डर आणि दवाखान्यातल्या पाच-सहा बिघडलेल्या प्रिंट द्या, पेशंटची नावं झाकून. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या मुलींसाठी रविवारचा शेवटचा तास चारच्या आत घ्या, असं आधीच सांगून ठेवा, म्हणजे परतीची एसटी सुटत नाही. नाव नोंदवण्यापूर्वी बॅच किती जणींची हे विचारा. सरावाचं यंत्र एकच आहे. बारापर्यंत असल्या तर प्रत्येकीचा हात लागतो, वीस झाल्या तर मागच्या मुली फक्त बघत बसतात. तेव्हा पुढच्या बॅचला थांबा.