पहिला यूएक्स डिझायनर: ज्युनियर घ्यावा की सिनियर?

टीममध्ये तीन-चार डेव्हलपर, यूएक्स डिझायनर (अॅप वापरणाऱ्याला काय दिसेल आणि काय करावं लागेल हे ठरवणारा) एकही नाही, आणि जागा एकच मंजूर. अशा वेळी ज्युनियर की सिनियर हे बहुतेक ठिकाणी पगाराच्या आकड्यावर ठरतं. माझ्या मते आकडा पाहायचाच, पण सगळ्यात शेवटी. तुमचं काम वेगळ्या जातीचं असेल तर उत्तरही वेगळं येईल, हे आधीच मान्य करतो.

फिग्मा हे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर दोघांनाही येतं. ऑटो लेआउट आणि व्हेरिएबल्स या त्यातल्या सोयींमध्ये तर ज्युनियरचाच हात अनेकदा जास्त सफाईने चालतो. ज्युनियर आठवड्यात दहा-बारा सुबक स्क्रीन काढून देतो. सिनियर पहिला आठवडा प्रश्न विचारण्यात घालवतो आणि शुक्रवारी हातात ठेवतो चौकोन-बाणांचा एक फ्लो, म्हणजे कोणत्या स्क्रीननंतर कोणती येते याचा नकाशा, तोही रंगाशिवाय. इथपर्यंत पाहिलं तर ज्युनियरचं पारडं जड वाटतं.

खरी गंमत हँडऑफनंतर, म्हणजे डिझाइन डेव्हलपरच्या हाती दिल्यावर, सुरू होते.

साधी कागदपत्र अपलोड करायची स्क्रीन घ्या. ज्युनियरच्या फाइलमध्ये तीन फ्रेम असतात: ‘फाइल निवडा’चा चौकोन, पुढे सरकणारी पट्टी, हिरवी टिकखूण. दिसायला छान. डेव्हलपर कोड लिहायला बसतो आणि प्रश्न सुरू होतात. फाइल मर्यादेपेक्षा मोठी निघाली तर? पीडीएफच्या जागी भलताच फॉरमॅट आला तर? ८० टक्क्यांवर नेट गेलं तर पुन्हा शून्यापासून की तिथूनच पुढे? कॅमेऱ्याची परवानगी नाकारली असेल तर? फाइलचं नाव साठ अक्षरी असेल तर कुठे तोडायचं? दुसरी फाइल टाकली तर पहिली जाते की दोन्ही राहतात? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, अपलोड झालं, टिकखूण आली, पण दोन दिवसांनी तपासणाऱ्याने ‘अस्पष्ट’ म्हणून कागद नाकारला. ते माणसाला कुठे कळणार, आणि कोणत्या शब्दांत?

सिनियरच्या फाइलमध्ये याच कामाच्या नऊ-दहा फ्रेम असतात. त्यांतल्या निम्म्या दिसायला कंटाळवाण्या, पण प्रत्येक एररचा मजकूर लिहिलेला. शेवटच्या प्रश्नासाठी तर त्याने स्क्रीन काढायच्या आधीच तपासणाऱ्यांशी बोलून घेतलेलं असतं.

माझा कौल ठरला तो याच कटकटीवर. कारण उत्तर मिळेपर्यंत डेव्हलपर हातावर हात ठेवून बसत नाही, तो स्वतःच काहीतरी ठरवून पुढे जातो. एकाने खाली काळी पट्टी दाखवली, दुसऱ्याने चौकटीखाली लाल ओळ, तिसऱ्याने मधोमध पॉपअप. दोन-तीन महिन्यांत एकाच अ‍ॅपमध्ये चूक सांगायच्या तीन पद्धती होतात आणि नंतर त्या एकसारख्या करणं हे वेगळंच काम होऊन बसतं. बरं, जे प्रश्न विचारले जातात ते ज्युनियरपाशी थांबत नाहीत. नियम काय आहे हे त्यालाही माहीत नसतं, म्हणून ते तुमच्याकडे येतात. म्हणजे डिझायनर नेमूनही डिझाइनचे निर्णय तुम्हीच घेत राहता.

हा हुशारीचा मुद्दा नाही. सरावाच्या प्रोजेक्टमध्ये सर्व्हर कधी पडत नाही, यादी कधी रिकामी नसते आणि नावं नेहमी दोन शब्दांचीच असतात. स्वतःच्या स्क्रीनबद्दलच्या तक्रारी वाचायची वेळ एक-दोनदा आली, की हे आपोआप दिसायला लागतं.

वापरकर्त्यांशी बोलण्यातही फरक आहे. ज्युनियर विचारतो, ‘हे बटण सोपं वाटतं का?’ समोरचा भिडेखातर हो म्हणतो. सिनियर विचारतो, ‘मागच्या वेळी हे काम केलंत तेव्हा कुठून सुरुवात केली?’ आणि गप्प बसतो. वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नीलसन यांचा २००० सालचा ‘चाचणीला पाच वापरकर्ते पुरेत’ हा हिशेब दोघांनाही पाठ असतो. पण तो एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांसाठी आहे आणि पाच जणांनंतर दुरुस्ती करून पुन्हा चाचणी घ्यायची हे त्यात धरलेलं आहे, ही अर्धी बाजू ज्युनियरकडून सुटते.

अ‍ॅक्सेसिबिलिटीवरून (अपंग व्यक्तींनाही नीट वापरता येण्यावरून) मात्र निवड करू नका. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी ४.५:१ कॉन्ट्रास्ट, डब्ल्यूसीएजी २.२ या त्यासाठीच्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे टॅप करायची जागा किमान २४ × २४ पिक्सेल, या गोष्टी चेकलिस्ट आणि प्लगइन देऊन ज्युनियरकडून व्यवस्थित होतात.

सिनियरची डोकेदुखीही कमी नाही. तुम्ही स्क्रीन मागता, तो ‘हे फीचर हवंच कशाला?’ विचारतो. हाताखाली कोणी नसेल तर त्याचा महागडा वेळ आयकॉन एक्सपोर्ट करण्यात जातो, आणि मग तो कंटाळतो. शिवाय वर्षांवर जाऊ नका. आठ वर्षं जाहिरातीची पानंच केलेला माणूस अपलोडच्या स्क्रीनवर ज्युनियरच असतो.

म्हणून मुलाखतीत पोर्टफोलिओपेक्षा एक छोटी परीक्षा बरी. तुमच्या कामातली खरी स्क्रीन तोंडी सांगा, वीस मिनिटं द्या आणि काहीही काढू नका, फक्त प्रश्न लिहा म्हणा. ब्रँडचा रंग, फाँट, आवडती अ‍ॅप्स एवढंच आलं तर काय ते समजून जा. माहिती कुठून येते, दिवसातून किती वेळा भरली जाते, चुकली तर कोण निस्तरतं, हे आलं तर पद काहीही असो, तो माणूस तुमच्या कामाचा. असा ज्युनियर क्वचित मिळतो, पण मिळतो.

डिझाइन सिस्टिम (बटणं, रंग, चौकटी यांचा ठरलेला संच) तयार असेल, एररचे नमुने ठरलेले असतील आणि आठवड्यातून दोनदा अर्धा तास काम तपासणारं कोणी असेल, तर ज्युनियर खुशाल घ्या. तपासणी मात्र वायरफ्रेमवर, म्हणजे रंगाआधीच्या कच्च्या आराखड्यावरच करा. रंग भरल्यावर केलेली सूचना त्याला मोडतोड वाटते आणि तुम्हालाही ती करायला जीवावर येतं.

यातलं काहीच नसेल तर पूर्णवेळ ज्युनियरऐवजी आठवड्यातले दोन दिवस सिनियर घेण्याकडे माझा कल आहे. पहिल्या दोन महिन्यांत त्याच्याकडून सगळ्या स्क्रीन मागू नका. सर्वाधिक वापराचे दोन फ्लो टोकापर्यंत, रिकामी-लोडिंग-एरर-यश या चारही अवस्थांचे नमुने आणि एररच्या मजकुराची एक यादी, एवढंच मागा. त्यानंतर ज्युनियर आला, तर अपलोडची स्क्रीन काढताना नेट गेल्यावर काय करायचं हे त्याला त्या यादीत सापडेल.