लेझर कटिंगच्या फाइलसाठी इंकस्केप: माझं मत

इंकस्केप हे रेषांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे हे खरं, पण मी ते वापरते ते दुसऱ्याच कारणासाठी. कटिंगला पाठवायच्या फाइलमध्ये नेमकं काय दडलंय, हे ते स्वच्छ दाखवतं. मी सर्किटसाठी अ‍ॅक्रिलिकचे डबे आणि नावाच्या पाट्या बनवते. दोन्हींची शेवटची तपासणी इथेच होते.

सगळ्यात मोलाचा आहे आउटलाइन डिस्प्ले मोड. रंग आणि रेषांची जाडी गायब होते, उरतो फक्त लेझरचा मार्ग. पांढऱ्या रंगात राहून गेलेला चौकोन लगेच उघडा पडतो. एकावर एक बसलेल्या दोन रेषा मात्र इथेही एकच दिसतात. शंका आली की रेष जरा सरकवून बघायची. खाली तशीच दुसरी निघाली, तर लेझर तिथून दोनदा जाणार आणि कड खराब होणार.

एक सेटिंग आधीच बदलून घ्या. मूळ सेटिंगमध्ये मापात रेषेची जाडीही धरली जाते, त्यामुळे 1 मिमी जाड रेषेचा 100 मिमीचा चौकोन 101 दाखवतो. प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स (रेषेची जाडी न धरता मोजलेली चौकट) निवडला की माप खरं दिसतं.

देवनागरी पाट्यांसाठी तर मला याच्याइतकं सोयीचं काही सापडलेलं नाही. अक्षरं ऑब्जेक्ट टू पाथने रेषांत बदलावीच लागतात, पण तेवढ्यावर थांबू नका. बऱ्याच फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींत घुसलेल्या असतात. तशीच फाइल दिली तर लेझर प्रत्येक जोडावर शिरोरेषा कापतो आणि शब्दाची अक्षरं सुटी होतात. सगळं निवडून युनियन केलं, म्हणजे सगळे आकार एकात मिसळले, की सलग बाह्यरेषा मिळते. अक्षरं आरपार कापायची असतील तर ‘ब’ किंवा ‘व’च्या पोटातला तुकडा गळून पडतो, तिथे बारीक पूल, म्हणजे न कापलेली छोटी पट्टी, हातानेच ठेवावा लागतो.

कच्ची बाजू आहे ती डीएक्सएफची, म्हणजे कटिंगला पाठवायच्या ड्रॉइंग फाइलच्या प्रकाराची. सेव्ह करताना त्याची आर14 ही आवृत्ती निवडून बेस युनिट मिमी ठेवा. वक्र रेषा स्प्लाइन (गणिती सूत्राने मांडलेले वक्र) म्हणून जातात आणि काही मशीनच्या सॉफ्टवेअरला त्या नीट वाचता येत नाहीत. अशा वेळी फ्लॅटन बेझिए वापरून त्यांचे छोटे सरळ तुकडे करता येतात. वर्तुळही वर्तुळ म्हणून जात नाही. पाटीला याने फरक पडत नाही, पण मोजून पाडलेल्या भोकांचा पत्र्याचा पार्ट असेल तर ड्रॉइंग सरळ लिब्रेकॅड या मापाची ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढा.

केर्फची, म्हणजे कापताना लेझरने जळून जाणाऱ्या रुंदीची, भरपाई मी फाइलमध्ये करत नाही. ती शीट आणि मशीनप्रमाणे बदलते, म्हणून ड्रॉइंग नेमक्या मापाचं देते आणि कुठला सांधा घट्ट बसायला हवा ते सोबत लिहून कळवते. तयार डीएक्सएफ लिब्रेकॅडमध्ये उघडून निदान एक बाजू मोजल्याशिवाय मात्र मी ती पाठवत नाही.