मिरज रोडवरची नर्सरी : झाड ओळखलं, कुंड्या मात्र महाग

सासूबाईंचं लाडकं झाड ह्या पावसाळ्यात मुळं कुजून गेलं आणि नाव घरात कुणालाच माहीत नाही, फुलं जांभळी उमलायची मग फिकट होत होत पांढरी, एकाच फांदीवर सगळे रंग. बाकी नर्सरीवाले सरळ मधुमालती म्हणून मोकळे, अहो ती वेल, आणि ती पांढऱ्याची लाल होते, उलटंच की! इथल्या काकांनी मोबाईलमधला जुना फोटो झूम करून पानं बघितली, म्हणाले ब्रुनफेल्सिया, मूळ ब्राझीलचं. नुसत्या काळ्या मातीत पाणी साठतंय, वाळू नि शेणखत मिसळा, कुत्रं असेल तर लांब ठेवा, विषारी आहे, हेही न विचारता सांगितलं. रोप बरं मिळालं, कळ्या होत्या. कुंड्यांचे रेट मात्र कायच्या काय. रविवारी गर्दी असते, मधल्या वारी जावा.