रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू : काय घ्यावं, कुठे अडतं, कशातून शिकावं

हौसेनं प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यानं पहिला बोर्ड (आपला प्रोग्रॅम चालवणारी छोटी सर्किटची पाटी) कोणता घ्यावा, याला आमचं उत्तर सध्या तरी रास्पबेरी पाय पिको डब्ल्यू हेच आहे. याहून ताकदवान बोर्ड बाजारात आहेत, स्वस्तही आहेत. पण शिकताना निम्मा वेळ 'हे चालत का नाही' हे शोधण्यात जातो, आणि तिथे हा बोर्ड माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. प्रोग्रॅम कितीही चुकला तरी तो कायमचा बंद पडत नाही, आणि त्याची अधिकृत कागदपत्रं खरोखर वाचण्यासारखी आहेत.

पहिला पिको जानेवारी २०२१ मध्ये ४ डॉलरला आला. वाय-फाय असलेला पिको डब्ल्यू जून २०२२ मध्ये ६ डॉलरला आला. इथे हातात पडेपर्यंत त्यावर कर आणि वाहतूक चढते. दोन्हींत आरपी २०४० ही चिप, १३३ मेगाहर्ट्झचे दोन कोअर, २६४ केबी रॅम आणि २ एमबी फ्लॅश. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पिको २ आणि नोव्हेंबरमध्ये पिको २ डब्ल्यू आला. त्यांत रॅम ५२० केबी आणि फ्लॅश ४ एमबी. शिकण्यासाठी दोन्ही पिढ्या चालतील, पण नेटवर मिळणारी उदाहरणं आजही जास्त करून पहिल्या पिढीची आहेत.

घेताना एकच आग्रह धरा: पिना आधीच सोल्डर केलेला, म्हणजे डब्ल्यूएच नावाचा बोर्ड मागा. पिनांची नुसती पट्टी भोकांत खोचून ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडण्या करायच्या छिद्रांच्या पाटीवर) दाबली की कधी चालतं, कधी नाही, आणि दोष प्रोग्रॅमचा वाटत राहतो. स्वतः सोल्डर करणार असाल तर २० पिनांच्या दोन पट्ट्या आधी ब्रेडबोर्डमध्ये खोचा, वर बोर्ड ठेवा, चार कोपऱ्यांतल्या पिना आधी पकडा आणि मग बाकीच्या करा. पट्टी सरळ बसते. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. रविवारी मात्र बरीच दुकानं बंद असतात.

बोर्डाचे दोष आधीच सांगतो. यूएसबीचं तोंड अजून जुन्या मायक्रो पद्धतीचं आहे. घरात पडलेल्या मायक्रो केबल्सपैकी कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. बोर्डाला वीज मिळते, कॉम्प्युटरला मात्र तो दिसतच नाही. पिको दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसण्याआधी केबल बदला. दुसरं, पिनांची नावं बोर्डाच्या खालच्या बाजूला छापलेली आहेत. ब्रेडबोर्डवर बसवला की ती दिसेनाशी होतात, आणि जीपी १५ म्हणजे पंधरावी पिन नव्हे (ती विसावी पिन आहे), हा घोळ नवशिक्याला फार छळतो. पिनांचा अधिकृत नकाशा छापून टेबलासमोर चिकटवा. तिसरं, रीसेटचं बटण नाही. ३० क्रमांकाच्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत एक साधं पुश बटण लावलं की काम भागतं. यूएसबीचं तोंड सतत काढ-घाल करून सैल होण्यापेक्षा हे बरं.

आता तो मोठा गुण. बूटसेल नावाचं पांढरं बटण दाबून धरायचं, केबल लावायची, मग बटण सोडायचं. कॉम्प्युटरवर आरपीआय-आरपी-टू नावाचा ड्राइव्ह उघडतो. त्यात मायक्रोपायथनची (छोट्या बोर्डांसाठीच्या पायथनची) यूएफ-टू फाइल, म्हणजे बोर्डात भरायचं तयार सॉफ्टवेअर, ओढून टाकली की ड्राइव्ह आपोआप नाहीसा होतो आणि बोर्ड तयार. हा ड्राइव्ह उघडणारा कोड चिपच्या रॉममध्ये असल्यानं आपल्या प्रोग्रॅमला तो पुसता येत नाही. म्हणूनच शाळकरी मुलाच्या हातात हा बोर्ड निर्धास्त देता येतो.

फाइल मात्र आपल्याच बोर्डाची हवी. पिको डब्ल्यूवर साध्या पिकोची फाइल टाकली तर दिवे, बटणं सगळं चालतं आणि 'नेटवर्क' आयात करताना असं मॉड्यूलच नाही म्हणून एरर येते. तसंच जुन्या उदाहरणांत बोर्डावरचा दिवा पिन २५ वर धरलेला असतो. पिको डब्ल्यूवर तो वाय-फायच्या चिपला जोडलेला आहे, म्हणून क्रमांकाऐवजी अवतरणचिन्हांत 'एलईडी' हे नाव द्यावं लागतं. पहिलाच प्रोग्रॅम चालला नाही की इथे बघा.

लिहिण्यासाठी थॉनी वापरा. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात घडलेला हा मोफत एडिटर नवशिक्यासाठी आजही सर्वांत सोपा आहे. खाली उजव्या कोपऱ्यात क्लिक करून पिकोचं मायक्रोपायथन निवडायचं. लिनक्सवर परवानगी नाही असा संदेश आला तर आपलं खातं डायलआउट गटात घाला आणि एकदा लॉगआउट करा. थॉनीत सेव्ह करताना 'हा कॉम्प्युटर की पिको' असं विचारलं जातं. टेबलावर चालणारा प्रोग्रॅम पॉवर बँकेवर चालत नसेल तर बहुतेक वेळा फाइल कॉम्प्युटरवर सेव्ह झालेली असते, किंवा तिचं नाव मेन डॉट पीवाय नसतं. दोन्ही बरोबर असूनही काही वेळानं बोर्ड बंद पडत असेल तर दोष पॉवर बँकेचा. पिको इतका कमी करंट घेतो की काही बँका 'काही जोडलेलंच नाही' असं समजून पुरवठा तोडतात.

मेन डॉट पीवायबाबत एक इशारा. त्यात न थांबणारं लूप असेल तर थॉनी 'डिव्हाइस व्यस्त आहे' म्हणत बसतं. आधी स्टॉप, मग कंट्रोल-सी दोन-तीनदा. तरी ऐकत नसेल तर बरेच जण मायक्रोपायथन पुन्हा टाकतात आणि तीच अडचण तशीच दिसली की बोर्ड गेला असं धरून चालतात. बोर्ड ठणठणीत असतो. मायक्रोपायथन पुन्हा टाकल्यानं आपल्या फाइल पुसल्या जात नाहीत, त्या फ्लॅशच्या वेगळ्या भागात राहतात, त्यामुळे तेच लूप पुन्हा सुरू होतं. रास्पबेरी पायनंच दिलेली फ्लॅश-न्यूक नावाची यूएफ-टू फाइल आधी टाका, तिनं सगळं साफ होतं, आणि मग मायक्रोपायथन टाका. आपल्या प्रोग्रॅमची प्रत कॉम्प्युटरवर हवीच. प्रोग्रॅम पक्का होईपर्यंत फाइलला वेगळं नाव द्या, आणि शेवटी मेन करताना सुरुवातीला दोन सेकंदांचा थांबा घाला. मध्ये शिरायला तेवढी फट पुरते.

गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे मोबाईलवर दिसावं, हा ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांत हमखास सुचणारा प्रकल्प. बोर्डाची खरी परीक्षा त्यातच होते. साधा एचसी-एसआर०४, म्हणजे प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर, टाकीत लावू नका, झाकणाखालच्या वाफेनं तो लवकर खराब होतो. जेएसएन-एसआर०४टी हा पाण्यापासून सुरक्षित सेन्सर घ्या. पण त्याला साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. भरलेल्या टाकीत पाणी झाकणाला टेकत असेल तर सेन्सर तेवढा उंच बसवावा लागतो. दोन्ही सेन्सर ५ व्होल्टवर चालवले की त्यांच्या एको, म्हणजे प्रतिध्वनीचा इशारा देणाऱ्या, पिनेवर ५ व्होल्ट येतात आणि पिकोच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. मध्ये व्होल्टेज कमी करणारा विभाजक लावा: एकोपासून १ किलोओहम, तिथून पिकोची पिन, आणि त्याच जागेवरून २ किलोओहम ग्राउंडला. ५ चे ३.३ होतात. दोन रेझिस्टर वाचवायला जाऊन पिन जाते, आणि ती एकदम जात नाही, काही दिवस चालून मग चुकीचं वाचू लागते, हे जास्त वाईट.

या प्रकल्पात एक बारीक चूक वारंवार दिसते. पल्स मोजणारं फंक्शन मायक्रोसेकंद देतं, त्याला ५८ नं भागलं की सेंटिमीटर मिळतात. पण प्रतिध्वनी आलाच नाही तर ते उणे १ किंवा उणे २ परत करतं. भागाकारानंतर आकडा जवळपास शून्य होतो. प्रोग्रॅमला वाटतं पाणी अगदी सेन्सरपर्यंत आलं, टाकी भरली, आणि तो पंप बंद ठेवतो. तार सुटलेली असते आणि सकाळी नळ कोरडे. म्हणून उत्तर शून्यापेक्षा कमी आलं तर ते मोजमाप टाकून द्या. पाच मोजमापं घेऊन मधलं धरा, आणि सलग चुकली तर 'सेन्सर बंद' असा वेगळा संदेश पाठवा. पंपाच्या २३० व्होल्टना हौशी माणसानं हात लावू नये. पिकोनं फक्त रिलेला (इशाऱ्यावर चालणाऱ्या छोट्या स्विचला) इशारा द्यावा, पुढचा कॉन्टॅक्टर, म्हणजे पंपाचा मोठा स्विच, इलेक्ट्रिशियननं बसवावा. पंप सुरू होताना पिको रीसेट होत असेल तर त्याला स्वतंत्र ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या.

वाय-फायसाठी एकच सवय लावून घ्या: 'जोडलं नाही' एवढ्यावर न थांबता स्टेटसचा आकडा छापा. ३ म्हणजे जोडलं गेलं. उणे ३ म्हणजे पासवर्ड चुकला. उणे २ म्हणजे त्या नावाचं नेटवर्कच दिसत नाही. इथल्या टॉवरमधल्या घरांत हा शेवटचा आकडा जास्त भेटतो, कारण पिको डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. राऊटरमध्ये २.४ ला वेगळं नाव द्या किंवा गेस्ट नेटवर्क २.४ वर सुरू करा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ ठेवली असेल तर डब्ल्यूपीए-२ चालू करा. अँटेना यूएसबीच्या विरुद्ध टोकाला आहे. ते टोक धातूच्या डब्यात किंवा वायरींच्या गुंत्यात ठेवू नका. वेब सर्व्हर दुसऱ्यांदा चालवताना ९८ क्रमांकाची एरर आली तर जुनं पोर्ट अजून अडकलेलं आहे. बोर्ड रीसेट करा.

घड्याळाची गंमत आधीच माहीत असलेली बरी. थॉनी जोडताना कॉम्प्युटरची वेळ पिकोला देतं, म्हणून टेबलावर वेळ बरोबर दिसते. गच्चीवर नेल्यावर ती १ जानेवारी २०२१ पासून सुरू होते. एनटीपी-टाइम हे मॉड्यूल वापरून इंटरनेटवरून वेळ आणा आणि ती जागतिक वेळ असल्यानं त्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास, मिळवा.

डिस्प्ले जोडताना आधी आय-टू-सी (दोन तारांवरून डिस्प्ले, सेन्सर जोडायची पद्धत) स्कॅन करा. छोट्या ओलेड डिस्प्लेचा पत्ता बहुधा ६० येतो. यादी रिकामी आली तर एसडीए-एससीएल या त्या दोन तारा उलट आहेत, ग्राउंड राहिलंय किंवा सोल्डर कच्चं आहे. आधी सापडून मध्येच ५ क्रमांकाची एरर येत असेल तर जोडणी सैल आहे. पावसाळ्यात, विशेषतः खाडीलगतच्या घरांत, ब्रेडबोर्डच्या पट्ट्या आणि जंपरची (जोडणीच्या सुट्या तारांची) टोकं गंजतात. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून सामान ठेवा. पिको २ डब्ल्यू घेतला असेल तर बटण ग्राउंडला जोडून पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन ३.३ व्होल्टला धरणारा आतला रेझिस्टर) वापरा, कारण त्या चिपच्या सुरुवातीच्या आवृत्तीत आतल्या पुल-डाउनवर (पिन ग्राउंडला धरणाऱ्या रेझिस्टरवर) पिन अर्धवट व्होल्टेजला अडकून राहण्याचा दोष आहे.

शिकण्याच्या साहित्याबद्दल. अधिकृत पायथन पुस्तिका छोटी आहे, आधी ती पूर्ण वाचा. आरपी २०४० चं डेटाशीट सहाशेहून जास्त पानांचं आहे, ते सलग वाचायचं नसतं, पण पिनांचं कोष्टक आणि व्होल्टेजच्या मर्यादा तिथूनच घ्याव्यात. मायक्रोपायथनच्या दस्तऐवजातलं आरपी-टूचं झटपट संदर्भपान रोज लागतं. वोक्वी हा ब्राउझरमधला सिम्युलेटर अप्रतिम आहे: तिथे चालतं आणि टेबलावर चालत नाही म्हणजे दोष तारांचा, एवढा निकाल दहा मिनिटांत लागतो. पायथनच कच्चं असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहा. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. पिकोच्या अडचणींवर मराठीत लिहिलेलं मात्र फारच थोडं सापडतं, आणि ही उणीव खरी आहे. नेटवरचा कोड उचलताना पहिली ओळ बघा: 'मशीन' आयात केलं असेल तर मायक्रोपायथन, 'बोर्ड' आणि 'डिजिटल-आयओ' असेल तर सर्किटपायथन, म्हणजे बोर्डांसाठीच्या पायथनचा दुसरा अवतार. एकाचा कोड दुसऱ्यावर चालत नाही.

५ व्होल्टचे सेन्सर विनासायास जोडायचे असतील तर आर्डुइनो उनो घ्या. कॅमेरा किंवा डेस्कटॉप हवा असेल तर पिको नकोच, रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर बघा. बाकी सगळ्यांनी एक डब्ल्यूएच बोर्ड, डेटा केबल, ८३० छिद्रांचा ब्रेडबोर्ड, वीसेक जंपर, १ आणि २ किलोओहमचे पाच-पाच रेझिस्टर आणि एक साधा मल्टिमीटर एवढं एकदम आणावं. मल्टिमीटर टाळू नका. आणि कुणाला मदत मागायची वेळ आली तर बोर्डाचं पूर्ण नाव, मायक्रोपायथनची आवृत्ती, एररची शेवटची ओळ जशीच्या तशी, ३६ क्रमांकाच्या (३.३ व्होल्ट पुरवणाऱ्या) पिनेवर मोजलेलं व्होल्टेज आणि जोडणीचा सरळ वरून काढलेला फोटो, हे सगळं पहिल्याच निरोपात पाठवा.