गिरणेच्या पाण्यावर 17 चौरस मीटरचा पतंग : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी चाळीसगावला राहतो. माझे वजन 82 किलो आहे आणि काइटसर्फिंग (पतंगाच्या ओढीने बोर्डवर उभे राहून पाण्यावरून घसरत जाणे) मी रामेश्वरमला शिकलो, जिथे मे ते सप्टेंबर या महिन्यांत वारा इतका भरवशाचा असतो की 12 चौरस मीटरचा पतंग मला नेहमी पुरत असे. घरी परतल्यावर मात्र तोच पतंग दोन वर्षे पिशवीतच राहिला, कारण आपल्याकडे गिरणा धरणाच्या फुगवट्यावर दुपारचा वारा बहुतेक दिवशी 8 ते 12 नॉट, म्हणजे ताशी 15 ते 22 किलोमीटर, एवढाच असतो. गेल्या डिसेंबरात मी 17 चौरस मीटरचा, तीन स्ट्रटचा (स्ट्रट म्हणजे पतंगाला आकार देणाऱ्या, हवा भरलेल्या आडव्या नळ्या), हवा भरण्याचा पतंग विकत घेतला. तो दोन हंगाम वापरलेला होता आणि बारशिवाय, म्हणजे दोऱ्या जोडायच्या हातातल्या दांड्याशिवाय, 70,000 रुपयांना मिळाला. फेब्रुवारीतले दहा दिवस गोव्यात मोरजीला आणि मार्च ते जुलै गिरणेवर, असे एकूण 34 दिवस तो पाण्यावर नेल्यानंतर मी हे लिहितो आहे.

मोठा पतंग निवडताना मी पहिली चूक केली ती आकड्यावर भाळण्याची. मला 21 चा फॉइल पतंग (नळ्यांऐवजी कापडी कप्प्यांत वाऱ्यानेच फुगणारा) हवा होता; जितका मोठा तितका कमी वाऱ्यात चालणार, एवढाच माझा हिशोब होता. नंतर कागदावर मांडून पाहिले तेव्हा चित्र वेगळे निघाले. पतंगाची ओढ त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते, पण वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून 12 वरून 17 वर गेल्याने क्षेत्रफळ सुमारे 42 टक्क्यांनी वाढले तरी वाऱ्याची गरज फक्त 16 टक्क्यांनी घटते. ज्याला 12 चा पतंग 12 नॉटला उचलतो त्याला 17 चा साधारण 10 नॉटला उचलेल. त्यापुढे 17 वरून 21 वर गेले तर पदरात जेमतेम एक नॉट पडतो, आणि त्या एका नॉटासाठी जास्त वजन, संथ वळण आणि पाण्यातून पुन्हा उठवण्याचा अधिक त्रास पत्करावा लागतो. हा हिशोब कोणी आधी सांगितला असता तर माझे कित्येक महिने वाचले असते.

खान्देशातल्या उन्हाळ्याने या हिशोबात आणखी एक भर घातली. मे महिन्यात तापमान 42 अंशांवर असते आणि धरण समुद्रसपाटीपासून काहीशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा 15 अंश तापमानाच्या समुद्रकाठच्या हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ होते. विरळ हवेत ओढ त्याच प्रमाणात घटते, म्हणजे माझा 17 चा पतंग भर दुपारी 15 च्या पतंगाइतकाच ओढतो. मोरजीला 9 नॉटवर जो पतंग मला वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर नेत होता, तो गिरणेवर त्याच वाऱ्यात मला जागच्या जागी तोलून धरत होता. सुरुवातीला मी माझ्या पायांना दोष दिला. खरे कारण हवेचे होते.

आता उडण्याविषयी. सपाट जमिनीवरून, टेकड्यांच्या आडून येणारा आपला वारा समुद्रावरच्या वाऱ्यासारखा एकसंध नसतो. हातातल्या वेगमापकावर सरासरी 10 नॉट दिसत असताना तो अधूनमधून 6 वर उतरतो आणि लगेच 15 वर चढतो. अशा वेळी पतंग 10 नॉटला किती ओढतो यापेक्षा 6 नॉटच्या पडत्या वाऱ्यात तो आकाशात टिकतो की नाही, हे मला जास्त महत्त्वाचे वाटू लागले. टिकणे हे मुख्यतः पतंगाच्या वजनावर अवलंबून आहे. एका ओळखीच्या सर्फरचा पाच स्ट्रटचा, त्याच आकाराचा जुना पतंग मी दोन दिवस उडवून पाहिला. पूर्ण वाऱ्यात तो माझ्या पतंगापेक्षा स्थिर होता, पण वारा पडला की मागच्या कडेवर बसून पाण्यात येत असे. माझा तीन स्ट्रटचा पतंग त्याच वाऱ्यात डगमगतो, पण पडत नाही. एका स्ट्रटचे पतंग आणखी हलके असतात आणि सर्वांत कमी वाऱ्यात तरंगतात, मात्र वाऱ्याच्या झोतात त्यांचे कापड फडफडते आणि ओढ एकदम वाढल्यावर ते अस्वस्थ होतात, म्हणून झोतांच्या आपल्या वाऱ्यासाठी मी तीन स्ट्रटच निवडीन.

ज्याने लहानपणी संक्रांतीला गच्चीवरून पतंग उडवला आहे त्याला ढील देणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि मोठ्या पतंगाची सगळी गुरुकिल्ली तीच आहे. वारा कमी पडला की माणूस नकळत बार स्वतःकडे ओढतो. त्याने मागच्या दोऱ्या आवळल्या जातात, पतंगाचा कोन वाऱ्याला आडवा येतो, वरून वाहणारी हवा सुटते आणि पतंग मागे मागे सरकत खाली येतो. पहिल्या महिन्यात माझा पतंग याच कारणाने दिवसातून सात-आठ वेळा पडत होता. बार हातभर पुढे सोडून, पतंगाला आधी वेग घेऊ द्यायचा आणि मगच हळूहळू आवळायचे, हे अंगवळणी पडायला मार्च उजाडला. मी मागच्या दोऱ्यांची गाठही एक टप्पा सैल केली. त्यानंतर पडण्याचे प्रमाण दिवसाला एकावर आले. दोऱ्या मी 24 मीटरच्याच ठेवल्या आहेत. तीन मीटरचे जोड लावून पाहिले तेव्हा पतंगाचा झोका लांबला आणि ओढही वाढली, परंतु वळण आधीच संथ असलेल्या पतंगाला ते आणखी जड गेले.

पाण्यातून पुन्हा उठवणे हा या पतंगाचा सर्वांत दुबळा भाग आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. 10 नॉटला एका बाजूची मागची दोरी ओढून धरली की पतंग सरकत वाऱ्याच्या खिडकीच्या (म्हणजे पतंग जेवढ्या भागात उडू शकतो त्याच्या) कडेला जातो आणि पाण्यावरून उठतो. 7 नॉटला तो तसाच पडून राहतो. तेव्हा दोन्ही मागच्या दोऱ्या एकदम ओढून त्याला उलटा वर नेण्याचा मार्ग उरतो, जो तीनपैकी एकदा साधतो. त्यामुळे 8 नॉटच्या खाली मी किनाऱ्यापासून पोहून येता येईल त्यापेक्षा पुढे जात नाही. लाइफ जॅकेट प्रत्येक वेळी अंगावर असते, पाटबंधारे खात्याला कळवून जातो, भिंतीच्या आणि सांडव्याच्या बाजूला फिरकत नाही, आणि मावसभाऊ काठावर असल्याशिवाय पतंग फुगवत नाही.

बोर्डाविषयी थोडक्यात सांगतो, पण ते महत्त्वाचे आहे. 138 सेंटिमीटरचा जुना बोर्ड बदलून मी 160 लांब आणि 45 रुंद, जवळजवळ सपाट तळाचा बोर्ड घेतला, आणि त्याने मला किमान दीड नॉटचा फायदा दिला. पतंगावर वाढवलेल्या पाच चौरस मीटरनी दिला त्याहून फारसा कमी नाही, आणि खर्च मात्र चौथाई. हायड्रोफॉइलने (बोर्डाला पाण्याच्या वर उचलून धरणारे, खाली बसवलेले पाते) तर लहान पतंगावरही काम भागते, हे खरे आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमधील काइटच्या शर्यती हायड्रोफॉइलवरच झाल्या. पण मेमध्ये पाणी उतरल्यावर गिरणेच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळींची खोडे आणि मच्छीमारांची जाळी वर येतात, आणि पाण्याखाली हात-दीड हात खोल जाणारे ते पाते तिथे चालवणे मला धोक्याचे वाटते.

उन्हाचा त्रास पतंगाच्या अंगालाही झाला. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत तीन तास राहिलेल्या पिशवीत पुढच्या मोठ्या नळीच्या ब्लॅडरचा (आतल्या हवेच्या फुग्याचा) व्हॉल्व्ह बुडापासून सुटला, कारण त्याचा चिकटवण्याचा लेप मऊ झाला होता. ज्यांच्याकडून पतंग आला त्यांनी उत्तर दिले नाही. मी सुटी पट्टी मागवून घरीच दुरुस्ती केली आणि ती आजवर टिकली आहे. तेव्हापासून पिशवी ओल्या गोणपाटात गुंडाळून मागच्या सीटखाली ठेवतो आणि पतंग सावलीत 5 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) इतकाच भरतो, कारण तापलेल्या काठावर दाब आपोआप वाढतो. गोड्या पाण्यामुळे मिठाचा त्रास नाही, ही एक सोय. गाळ मात्र व्हॉल्व्हच्या झाकणात बसतो आणि तो ब्रशने काढावा लागतो.

वाऱ्याचा अंदाज घेताना साक्रीच्या ब्राह्मणवेलकडील पवनचक्क्यांनी मला आरंभी फसवले. त्या फिरताना दिसल्या म्हणजे वारा आहे असे मी समजत असे, पण त्यांची पाती कित्येक मीटर उंचीवर असतात आणि सेकंदाला तीन-चार मीटरच्या वाऱ्यालाही त्या फिरू लागतात. खाली पाण्यावर तेवढ्याने काहीच होत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यातला प्रसंग मात्र सांगायलाच हवा. दुपारी चारला 11 नॉटचा छान वारा होता आणि सातमाळ्याच्या बाजूला ढग काळवंडत होते, तेव्हा जाळे ओढणारे एक काका काठावरून ओरडले, "भाऊ, वारा फिरी राहिना, आते बाहेर निंघा." (वारा फिरतो आहे, आता बाहेर निघा.) मी लगेच पतंग उतरवला, मावसभावाने तो दाबून धरला आणि आम्ही हवा काढली. दहा मिनिटांत वेगमापकावर 31 नॉट दिसले. 10 नॉटसाठी निवडलेल्या पतंगावर 30 नॉटचा वारा नऊपट ओढ आणतो. रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या करणारा वळिवाचा वारा हाच. मोठा पतंग घेणाऱ्याने आधी हार्नेसची (पतंगाची ओढ पेलणाऱ्या कमरेच्या पट्ट्याची) सुटका करणारी कळ एका हाताने, डोळे मिटून दाबता येते का हे पाहावे, आणि मेघगर्जना ऐकू आली की पाण्यात उतरूच नये.

34 दिवसांपैकी 26 दिवस मी निघालो त्याच जागी चालत न येता सर्फ करत परतलो, जे जुन्या पतंगाने कधीच जमले नसते. मावसभावालाही आता शिकायचे आहे आणि त्याचे वजन 64 किलो आहे. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर त्याला 13 ते 14 पुरेल, आणि वळणही वेगवान मिळेल. आम्ही सध्या 14 चा, तीन स्ट्रटचा, वापरलेला पतंग शोधत आहोत, आणि विकत घेण्यापूर्वी तो एक रात्र फुगवून ठेवून सकाळी त्याचा दाब मोजणार आहोत.